वनस्पतीच्या बाई ब्लॉग हाती घेतात

विद्यापीठात माणसाला त्याच्या नावाने कोणी ओळखत नाही. तो इतिहासाचा असतो, नाहीतर ग्रंथालयातला असतो. या वनस्पतीच्या बाई होत्या. पहिल्या वर्षाला येणाऱ्या पोरापोरींना मूळ, खोड, पान शिकवण्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती आणि त्याचं त्यांना जराही वाईट वाटत नव्हतं. आवाज असा खणखणीत की भिंतीपलीकडच्या वर्गातली मुलंही फुकटात वनस्पतिशास्त्र शिकून जायची. पलीकडचे प्राध्यापक कुरकुर करायचे. बाई म्हणायच्या, "तुमची मुलं माझ्या विषयात नापास झाली तर सांगा मला."

मग एका वर्षी तो आवाज बसला आणि उठायचं नाव घेईना. आधी काढे झाले, मग गुळण्या झाल्या. शेवटी घशाच्या डॉक्टरीणबाईंनी आत नळी घालून पाहिलं आणि स्वरतंतूंवर गाठ आहे म्हणून सांगितलं. गाठ साधी होती, काढलीही. पण त्यानंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरात हळू बोला, कानाशी बोला. वर्गात मात्र वर्षभर तोंड उघडायचं नाही."

"मग मी करू काय?"

"ऐका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

विद्यापीठाने त्यांना उचलून अध्यापन केंद्रात नेऊन बसवलं. हे केंद्र म्हणजे ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. शिक्षकांनी शिकवायचं कसं हे एकमेकांकडून शिकावं म्हणून ते काढलेलं होतं. एका खोलीत गोल टेबल, दुसऱ्या खोलीत जुने प्रोजेक्टर आणि बाईंची नवी खुर्ची. खुर्चीची प्लास्टिकची पिशवीसुद्धा अजून काढलेली नव्हती. बाई बसल्या की ती चुरचुर वाजायची. पहिला आठवडा त्यांनी ती चुरचुर ऐकण्यात घालवला. खाली मैदानातून मुलं वर्गाकडे पळताना दिसायची आणि बाई घड्याळाकडे बघायच्या.

केंद्राच्या प्रमुख म्हणजे संख्याशास्त्राच्या मॅडम. वयाने बाईंपेक्षा बऱ्याच लहान, पायाला भिंगरी, हातात कायम कसला ना कसला चार्जर. एक दिवस त्या दारातूनच म्हणाल्या, "बाई, आपला ब्लॉग जरा बघता का?"

"आपला ब्लॉग आहे?"

"आहे ना. तुम्हालाही माहीत नाही म्हणजे बघा."

बाईंनी उघडून पाहिला. 'सदर लेखात अध्ययन-अध्यापन प्रक्रियेच्या विविध आयामांचा ऊहापोह करण्यात आला आहे.' पुढचा लेखही ऊहापोह करत होता, त्याच्या पुढचाही. लेखांखाली वाचकांनी लिहायची जागा होती आणि ती धुतल्या पाटीसारखी कोरी होती.

"वाचतं कोण हे?" बाईंनी विचारलं.

"ज्याने लिहिलं तो," मॅडम म्हणाल्या. "तोही छापून आलं का एवढंच बघतो. बाई, आपल्याकडे एवढे शिक्षक आहेत, रोज वर्गात काही ना काही घडतं, आणि कोणाला कोणाचा पत्ता नाही. थोडं वाचावंसं वाटेल असं करा."

बाईंनी कंबर कसली. चार दिवस खपून एक लेख लिहिला. शीर्षक होतं 'वर्गातील सहभाग : संकल्पना, गरज आणि उपाय'. लिहून झाल्यावर त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं, आणि संध्याकाळी त्या तो नवऱ्याला वाचून दाखवायला घेऊन बसल्या.

नवऱ्याचा धंदा कवळ्या बनवायचा. गावातले दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे पाठवायचे आणि तो घरामागच्या खोलीत बसून त्याबरहुकूम दात घडवायचा. खोलीभर फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे पांढरे जबडे आ वासून मांडलेले. लहानपणी लेक त्या खोलीत एकटी जायला घाबरायची. आता ती नोकरीनिमित्त दूर राहत होती आणि फोनवर आधी विचारायची, "बाबांचे पाहुणे कसे आहेत?"

बाईंनी स्टूल ओढलं आणि हळू आवाजात वाचायला घेतलं. पहिला परिच्छेद झाला. दुसऱ्याच्या मध्यावर नवऱ्याने दात घासायचं मशीन सुरू केलं. घर्र आवाजात बाईंचा घसा कुठला पुरायला? त्या थांबल्या.

"अहो, मी वाचतेय."

"वाच की. एक दाढ राहिली होती, म्हटलं उरकून घेऊ."

मशीन बंद झालं. बाईंनी पुढे सुरुवात केली. 'गरज' संपून 'उपाय' लागले आणि पुन्हा घर्र.

बाईंनी कागद मांडीवर ठेवले. नवऱ्याने वर पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं. "मी काही म्हणालो का?"

"तुम्ही नाही, मशीन म्हणालं."

"अगं, हात आपोआप जातो. खरं सांगू? चांगलं असेल हे. पण हे लिहिताना तू कुठे होतीस ते कळत नाही. मागे तू ती बुडबुड्यांची गंमत सांगितलीस, तेव्हा माझ्या हातातली कवळी खाली पडली होती. ते का नाही लिहीत?"

बुडबुड्यांची गंमत अशी. सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा ठेवून त्यातल्या पेशी बघायच्या आणि त्यांचं चित्र काढायचं, हा पहिल्या वर्षाचा पहिला धडा. एका वर्षी काच ठेवताना खाली हवा अडकली. पुढच्या बाकावरच्या मुलाने पेशी समजून हवेचे बुडबुडे काढले, छान गोल, ठसठशीत काळ्या कडांचे, आणि त्यांना बाण काढून नावंही दिली. त्याचं अक्षर सुंदर, म्हणून शेजारणीने त्याचं बघून काढलं. मग मागच्या बाकाने. बाई तासाच्या शेवटी फिरायला निघाल्या तर सगळ्या वर्गाने मिळून बुडबुडा काढलेला, आणि प्रत्येकाच्या बुडबुड्यात, खऱ्या पेशीत असतं तसं, केंद्रक. तेव्हापासून बाई पहिल्या तासाला मुलांना आधी चुकीच्याच गोष्टी दाखवायच्या. हा बुडबुडा, ही धूळ, ही तुमची स्वतःची पापणी. आता यांतलं काही नसेल ते शोधा.

बाईंनी जुना लेख बाजूला सारला आणि हे लिहायला घेतलं. 'माझ्या वर्गाने बुडबुड्याला केंद्रक दिलं' असं वर लिहिलं आणि मग अंगणात बसून शेजारणीला सांगावं तसं लिहीत गेल्या. दुसऱ्या दिवशी वाचून दाखवताना मशीन गप्प राहिलं. केंद्रकापाशी नवरा असा हसला की शेजारच्या फळीवरचा एक जबडा डगमगला.

प्रमुख मॅडमना जरा धाकधूक वाटली. "यात संशोधनाचा संदर्भ वगैरे?"

"शेवटी एक दिलाय," बाई म्हणाल्या. "तिथपर्यंत पोचलात तर दिसेल."

लेख गेला. दुपारी बाईंनी उघडून पाहिलं तर खालच्या कोऱ्या जागेत कोणीतरी लिहिलं होतं, 'मग पुढच्या तासाला मुलांनी काय काढलं?' बाईंनी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. इतक्या दिवसांनी त्यांना कोणीतरी वर्गातल्यासारखा प्रश्न विचारला होता. उत्तर लिहायचं सोडून त्या उठल्या आणि विचारणारीला शोधत भाषा विभागात जाऊन पोचल्या.

ती भाषा विभागात नुकतीच लागलेली मुलगी होती. सगळे तिला नवी बाई म्हणायचे. बाईंना दारात बघून ती ताडकन उभी राहिली. आपण काही वावगं लिहिलं की काय, असा तिचा चेहरा.

"बस गं," बाई म्हणाल्या. "पुढच्या तासाला एकाने पापणी काढली. आता तू सांग, तुझ्या वर्गात काय चाललंय?"

आधी ती सगळं छान चाललंय म्हणाली. बाई नुसत्या बसून राहिल्या. घशामुळे त्यांना तशीही घाई करता येत नव्हती. मग मुलीचा बांध फुटला. "बाई, मी प्रश्न विचारते आणि वर्ग गप्प. इतका गप्प की पंख्याचा आवाज येतो. मला धीरच निघत नाही. मग मीच उत्तर सांगून टाकते. प्रश्न माझा, उत्तर माझं, वा वा पण माझंच. तास संपला की वाटतं, हेच मी घरी आरशापुढे केलं असतं तर बसचा प्रवास वाचला असता."

"हेच लिही."

"हे? लोक हसतील मला."

"हसतील म्हणजे वाचतील. आणि हसणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या वर्गात हेच चाललंय."

मुलीने लिहून आणलं ते 'वर्गातील मौनाची मीमांसा' म्हणून. बाईंनी तिला गोल टेबलापाशी बसवलं, कागद पालथा घातला आणि म्हणाल्या, "आता मला तोंडी सांग, परवा सांगितलंस तसं." मुलगी सांगत गेली आणि बाई टाइप करत गेल्या. मधेच ती म्हणाली, "हे असं लिहायचं? वा वा पण?" बाई म्हणाल्या, "ते तर आधी."

'प्रश्न माझा, उत्तर माझं' छापून आलं आणि कोरी जागा भरून वाहू लागली. अभियांत्रिकीवाले, संगीतवाले, कायदेवाले, सगळ्यांचं तेच दुखणं. कोणी लिहिलं, 'मी तर उत्तर देऊन वर मुलांना शाबासकी पण देतो.' नवी बाई मान वर करून कॉरिडॉरमधून चालू लागली. आणि तेवढ्यात सगळ्यांच्या खाली एक ओळ उमटली. 'समस्या मांडली आहे. उपाय कुठे आहे?'

ती ओळ गणिताच्या सरांची होती. मुलं त्यांना काटकोन म्हणायची, कारण ते खुर्चीत बसत तेव्हा पाठ आणि मांड्या अगदी तशा होत. निवृत्तीला आलेले, बोलायला मोजकं, हसताना कोणी पाहिलेले नाहीत. नवी बाई रडकुंडीला आली. "काढून टाकू या का लेख?"

"का म्हणून?" बाई म्हणाल्या. "त्यांनी वाचला, तोही शेवटपर्यंत. थांब, मी जाऊन येते."

सरांची खोली त्यांच्यासारखीच होती, एकही कागद तिरका नाही. बाईंनी सरळ विचारलं, "सर, उपाय तुमच्याकडे आहे का?"

"आहे. मी थांबतो."

"म्हणजे?"

"प्रश्न विचारून थांबतो. खिडकीबाहेर बघतो. कोणी ना कोणी बोलतं."

"कोणीच नाही बोललं तर?"

"बाई, मी कितीतरी वर्षं थांबतोय. शांतता माझ्यापेक्षा मुलांना जास्त बोचते."

"हे लिहून द्या."

"मी असलं काही लिहीत नाही," सर म्हणाले, आणि विषय संपला असं बाईंना वाटलं. पण काही दिवसांनी सर स्वतः जिना चढून केंद्रात आले आणि टेबलावर एक गठ्ठा ठेवून गेले. वर शीर्षक, 'प्रतीक्षेविषयी'. खाली पहिली व्याख्या, दुसरी व्याख्या, गृहीतकं, मग निष्कर्ष.

त्या संध्याकाळी मशीन पहिल्याच व्याख्येला सुरू झालं.

आता मांजराच्या गळ्यात घंटा बाईंनाच बांधायची होती. दुसऱ्या दिवशी त्या सरांपुढे उभ्या राहिल्या आणि, कसं सांगावं सुचेना म्हणून, जे होतं ते सांगून मोकळ्या झाल्या. "सर, माझा नवरा कवळ्या बनवतो. मी लेख त्याला वाचून दाखवते. कंटाळा आला की तो मशीन सुरू करतो. तुमच्या लेखाला त्याने ते बंदच केलं नाही."

सरांनी चष्मा काढून पुसला. बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मग सर म्हणाले, "मी येऊ का? मला बघायचंय, नेमकं कुठे सुरू होतं ते."

रविवारी सकाळी सर आले, इस्त्रीचा शर्ट, हातात तोच गठ्ठा. मागच्या खोलीत जबड्यांच्या मधोमध स्टुलावर काटकोनात बसले. नवरा पार संकोचून गेला होता. "सर, मशीन आज बंदच ठेवतो मी."

"नाही. रोजच्यासारखंच काम करा. नाहीतर येऊन काय उपयोग?"

सरांनी वाचायला घेतलं. नवऱ्याने फार कळ काढली, पण गृहीतकांपाशी हात गेलाच. घर्र. सर थांबले. त्यांनी त्या ठिकाणी पेन्सिलने खूण केली आणि पुढे गेले. पुन्हा घर्र, पुन्हा खूण. थोड्या वेळाने समास खुणांनी भरला. तेव्हा सरांनी कागद घडी घालून खिशात ठेवले. बाईंना वाटलं, आता हे उठणार.

"खरी गोष्ट अशी आहे," सर म्हणाले, "की हे मी काही ठरवून सुरू केलं नव्हतं. तरुण होतो. फळ्यावर एक सिद्धता लिहीत होतो आणि मधल्या पायरीला विसरलो. पार कोरा झालो. वर्गाकडे पाठ, हातात खडू, पुढचं काही आठवेना. वळायची हिंमत होईना. वाटलं, आता कळलं सगळ्यांना की या माणसाला काही येत नाही. किती वेळ गेला देव जाणे. आणि मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, 'सर, दोन्ही बाजूंचा वर्ग करून बघू या का?' ती सत्रभर वर्गात एक शब्द बोलली नव्हती. तिच्या मागून आणखी दोघं बोलले. तो तास त्यांनीच पुरा केला. मी फक्त लिहीत होतो. दुसऱ्या दिवसापासून मी मुद्दाम विसरायला लागलो."

मशीन कधीचं बंद होतं. नवऱ्याच्या एका हातात वरचा जबडा होता, दुसऱ्यात खालचा. "मग? त्या मुलीचं पुढे काय झालं?"

"ती ना?" सर म्हणाले, आणि बाईंनी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. "ती सध्या यांची साहेब आहे. हातात चार्जर घेऊन फिरते."

बाईंनी तोंडावर हात ठेवला. "मॅडमना हे माहीत आहे?"

"त्यात सांगण्यासारखं काय होतं? मी विसरलो होतो, हे?"

"सर, हे लिहा. व्याख्या नकोत, हे लिहा. आणि छापायच्या आधी एकदा त्यांना दाखवा."

सरांनी लिहिलं. या वेळी सगळं मिळून दीड पान. 'मी मुद्दाम विसरतो' असं शीर्षक त्यांनी स्वतःच दिलं, आणि बाईंनी त्यात एक स्वल्पविराम काय तो हलवला. मॅडमना कागद दिला तेव्हा त्या कुठल्याशा बैठकीला निघाल्या होत्या. उभ्याउभ्याच वाचू लागल्या, मग टेबलाच्या कडेवर टेकल्या, मग खुर्चीत बसल्या. बैठकीचा फोन वाजला तो त्यांनी घेतलाच नाही.

"बाई, मला वाटलं होतं, सर परीक्षा बघतायत आमची," त्या म्हणाल्या. "सगळं येत असून मुद्दाम उभे आहेत असं वाटलं. पण बोलले, आणि सर काही न म्हणता ते फळ्यावर लिहायला लागले. माझं वाक्य, फळ्यावर. त्या दिवशी घरी जाऊन आईला सांगितलं की मी शिक्षक होणार." त्या डोळे पुसत हसू लागल्या. "आणि या माणसाला तेव्हा काही आठवत नव्हतं?"

"काहीच नाही," बाई म्हणाल्या.

मॅडम तशाच उठल्या आणि गणित विभागाकडे गेल्या. तिथे काय बोलणं झालं ते दोघांनीही कोणाला सांगितलं नाही. पण लेख छापून आला तेव्हा त्याखाली पहिली प्रतिक्रिया मॅडमची होती. 'ती मागच्या बाकावरची मुलगी मी. सर, पुढची पायरीसुद्धा मला येत होती, पण म्हटलं बाकीच्यांनाही संधी द्यावी.'

मग जे झालं त्याला तोड नव्हती. अख्खं विद्यापीठ थांबायला शिकलं. संगीताचे गुरुजी सूर अर्धा सोडून खिडकीबाहेर बघू लागले. कायद्याच्या वर्गात एवढी शांतता पसरली की शिपाई तास सुटला समजून दिवे बंद करायला आला. उपाहारगृहात कोणी विचारलं की आज चहा कोण आणणार, तर सगळं टेबल खिडकीबाहेर बघायचं. नव्या बाईने पुढचा लेख लिहिला की तिच्या वर्गात अखेर एक मुलगा बोलला आणि म्हणाला, 'मॅडम, प्रश्न पुन्हा सांगता का?' लोकांनी तो हसत हसत एकमेकांना पाठवला. आता लेख मागायला बाईंना कोणाच्या दारी जावं लागत नव्हतं. लोक जिना चढून येत, गोल टेबलापाशी बसत, आणि आधी एकच विचारत, "तुमच्या घरच्या मशीनपुढे हे टिकेल का?"

वर्ष सरलं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नळी घालून पाहिलं आणि सगळं झकास आहे, वर्ग घ्यायला हरकत नाही म्हणाल्या. ही बातमी मॅडमना सांगताना बाईंना आपल्याच मनाचा थांग लागेना. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते हाती आलं होतं, आणि गोल टेबल सोडवत नव्हतं.

"मला दोन्ही पाहिजे," त्या शेवटी म्हणाल्या. "पहिल्या वर्षाचं प्रात्यक्षिक मला द्या आणि ब्लॉगही माझ्याकडेच राहू द्या. हावरटपणा वाटेल, पण वाटू दे."

"मी अर्ज तयारच ठेवलाय," मॅडम म्हणाल्या. "गणिताच्या सरांनी सांगून ठेवलं होतं, तुम्ही असंच म्हणाल."

आवाज पूर्वीसारखा खणखणीत राहिला नव्हता, जरा खरखरीत झाला होता, पण पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता. प्रयोगशाळेत नवी मुलं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली असायची आणि बाई त्यांच्या मागून फिरायच्या.

अशाच एका सकाळी तास संपत आला असताना दारात पशुवैद्यक विभागाचे डॉक्टर येऊन उभे राहिले. धिप्पाड गृहस्थ, पायात गमबूट, आणि चेहऱ्यावर शाळकरी पोराचा संकोच.

"बाई, माझ्याकडे एक किस्सा आहे. पण लेखासारखा आहे की नाही कळत नाही. आमच्या तोंडी परीक्षेत घडला."

"सांगा की."

"परीक्षेला शेळी होती. तिला तपासून मुलाने निदान सांगायचं होतं. आता झालं काय, मुलगा माझ्याकडे बघून उत्तर देत होता आणि शेळी त्याच्या..."

"थांबा," बाई म्हणाल्या, मुलांना आवरायला सांगितलं आणि दोन स्टुलं ओढली. "अगदी पहिल्यापासून सांगा. शेळी आधी कुठे उभी होती?"